बिनशाईची पोथी

डोळे गेले आणि किशनरावांची स्वप्नं उजळली. जागेपणी समोर असायचं ते ताकाच्या रंगाचं धुकं. कंदील पेटला काय अन् विझला काय, सारखंच. पण दुपारचं जेवण झाल्यावर, हैदराबादेत बरकतपुऱ्याच्या त्या दोन खोल्यांच्या घरात ओसरीवर अंग टाकलं, जरा डोळा लागला, की सगळं लख्ख दिसायचं. गोदेचा काठ दिसायचा, चिंचेखालचा पार दिसायचा, आणि पारावर उभे दत्तोबाबुवा. पांढरा फेटा, गळ्यात वीणा, एक पाय किंचित पुढे. बुवा गात असत, पण आवाज येत नसे. ओठ हलत आणि शब्दांऐवजी ज्वारीचे दाणे पडत. टपोरे, पांढरे, एकामागून एक. किशनराव उपरणं पसरून ते गोळा करीत. जाग आली तरी बोटांच्या टोकांना त्या दाण्यांचा गोलवा जाणवत राही.

"अहो, झोपेत काय चाचपताय?" विमलाबाई विचारायच्या.

"दाणे वेचतोय."

"आत सूपभर ज्वारी निवडायची पडलीय. जागेपणी वेचा की."

दत्तोबाबुवा म्हणजे किशनरावांचे कीर्तनातले गुरू. त्यांनी आयुष्यात एकच आख्यान रचलं, विदुराच्या बायकोचं. देव दारात आलेला पाहून ती बाई इतकी हरखली, की केळी सोलून गर टाकत गेली आणि सालं देवाच्या हातावर ठेवत गेली, ती गोष्ट. एकशे आठ ओव्या. बुवांनी त्या कधी लिहिल्या नाहीत आणि किशनरावांनाही लिहू दिल्या नाहीत. "शाईत घालू नकोस रे किशन," म्हणायचे. "शाईत घातलं की लोक कपाटात ठेवतात आणि निश्चिंत होतात. तोंडातून कानात जाऊ दे, कानातून तोंडात येऊ दे." बुवा गेले, आणि दर त्रिपुरी पौर्णिमेला घराजवळच्या लहानशा विठ्ठलमंदिरात किशनराव ते आख्यान लावू लागले. दिवसा टपालकचेरीत नोकरी, संध्याकाळी कीर्तन. कचेरीत त्यांच्या हाताखालून मराठी, उर्दू, तेलुगू, इंग्रजी अशा चार लिप्यांतले पत्ते जायचे आणि चारही ते भराभर वाचायचे. मग काचबिंदूनं डोळे नेले. चारही लिप्या एकाच दिवशी गेल्या म्हणा ना.

डोळ्यांचं दुःख त्यांनी पचवलं, कारण आख्यान तोंडात होतं. पण दोन वर्षांपूर्वी विषमज्वर आला. एकवीस दिवसांनी उठून बसले आणि सवयीनं गुणगुणू लागले, तर तेविसाव्या ओवीनंतर एकदम एकोणचाळिसावी! मधल्या ओव्या कुठे गेल्या? पुन्हा म्हणून पाहिलं, तेव्हा आणखी दोन सुटल्या. एखाद्या घरातून एकेक माणूस न सांगता उठून जावं, तसं चाललं होतं. त्या दिवशी ते लहान मुलासारखे रडले.

"लिहून घ्या कुणाकडून तरी," विमलाबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःला अक्षरओळख नव्हती.

"शाईत घालायचं नाही."

"मग काय हळदीत घालणार?"

तोड निघाली ती दौलतमास्तरांमुळे. नारायणगुड्यात एका जुन्या बंगल्याच्या मागच्या पडवीत अंधांचा वर्ग भरायचा. मास्तर हिंगोलीकडचे, तरणे, स्वतःही जन्मांध. बोलणं धारदार, हसणं मोठं. पहिल्याच दिवशी त्यांनी किशनरावांच्या हातात एक जाड कागद दिला आणि त्यांचं बोट धरून त्यावर ठेवलं.

"सहा घरांची खिडकी आहे, बुवा. दोन उभ्या रांगा, तीन-तीन घरं. कुठल्या घरात ठिपका आहे, कुठलं रिकामं आहे, एवढंच बघायचं. हे बघा, डाव्या रांगेत वर एक, खाली एक, मधलं घर रिकामं. हा क."

"मराठीचा?"

"मराठीचा, तेलुगूचा, हिंदीचाही. उर्दूवाल्यांचा काफसुद्धा हाच. आधी जो तो आपापले ठिपके लावायचा; तीन वर्षं झाली, आता सगळ्या देशाला एकच."

तेलुगूचा गोल वेटोळ्यांचा क, उर्दूचा तिरक्या दांडीचा काफ, आपला पोटात गाठ मारलेला क, सगळे किशनरावांच्या डोळ्यांसमोरून गेले आणि त्या दोन दाण्यांत विरघळले.

"आणि काना-मात्रा कुठं द्यायच्या? वर? खाली?"

"वर कुणी नाही, खाली कुणी नाही, बुवा." मास्तर हसले. त्या हसण्यात थोडा काटाही होता. "काना, मात्रा, उकार, सगळे एकाच पंगतीत. अक्षर आधी, त्याचा स्वर मागून, जसं तोंडानं बोलतो तसं. तुमची वेलांटी फार पुढंपुढं करते ना, तिलाही इथं मागंच बसावं लागतं."

लिहायचं म्हणजे टोचायचं. लाकडी पाटीवर कागद, कागदावर खाचांची पट्टी, हातात टोच्या. उजवीकडून डावीकडे टोचत जायचं आणि मग कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं. "लिहिणं उर्दूचं अन् वाचणं मराठीचं," किशनराव म्हणाले, "म्हणजे ही अस्सल हैदराबादी लिपी झाली की!" आणि दुसऱ्याच क्षणाला त्यांच्या अंगावर शहारा आला. टोच्या होता, कागद होता, पण शाई? शाई कुठंच नव्हती. बुवांनी शाईला मनाई केली होती. ठिपक्यांना नव्हे.

दोन वर्षं त्यांनी ओव्या गोळा केल्या. जालन्याच्या एका म्हाताऱ्या गुरुबंधूकडून वीस, कुणा बाईच्या जात्यावरून चार, काही झोपेतून. शेवटच्या सात ओव्या वसमतच्या केशवरावांनी ज्येष्ठात अंथरुणावर पडल्यापडल्या सांगितल्या आणि त्याच महिन्यात केशवराव वारले. एवढा जाड कागद कुठला आणायचा? तर अफझलगंजात रद्दीवाल्यांकडे सरकारी कचेऱ्यांचे जुने कागद ढिगानं येत होते. हैदराबाद राज्य मोडून भाषेप्रमाणे वाटायचं ठरलं होतं. कपाटं रिकामी होत होती. पोथी त्याच कागदांवर टोचली गेली.

"यावर काहीतरी उर्दू लिहिलंय बरं का," विमलाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "शाई नको म्हणत होतात ना?"

"ती निजामाची शाई. आपली नव्हे."

"आणि हे वर काय, गोवर आलाय कागदाला!"

पहिल्या एकशे एक ओव्यांची पोथी ज्येष्ठापर्यंत वर्गातच असायची. मग ती घरी आली आणि शेवटच्या सात ओव्या आषाढात घरीच टोचल्या गेल्या. आता ज्वर येवो, काही येवो. कीर्तनाआधी चार दिवस बोट फिरवायचं, आख्यान पुन्हा तोंडात यायचं. किशनराव पोथी उशाशी घेऊन निजू लागले.

अशात नवरात्र आलं. मंदिराचे पंच हणमंतराव घरी येऊन बसले. "बुवा, नोव्हेंबरच्या एक तारखेपासून आपलं राज्यच राहणार नाही. मराठी कारकून सगळे औरंगाबादेला, मुंबईला. आपली निम्मी मंडळी निघाली. मी हातापाया पडून सांगितलंय, नोकरीवाले जा पुढं, पण बायकापोरांना पौर्णिमेपर्यंत ठेवा, विदुराचं आख्यान ऐकून जा. पुन्हा ही सभा एका जागी बसायची नाही."

"बसेल तेवढी बसेल," किशनराव म्हणाले. "आख्यान पुरं होईल."

विमलाबाईंच्या माहेरी एक रीत होती. घट ज्या पाटावर बसतो, त्या पाटाखाली घरातली सगळ्यांत मोलाची वस्तू ठेवायची, म्हणजे देवी वर्षभर ती जपते. कधी शेताचा कागद ठेवत, कधी थोरल्या बाळाचं पहिलं अंगडं. या वर्षी काय ठेवावं याचा विचारही त्यांना करावा लागला नाही. पोथी लाल फडक्यात बांधली, घट्ट गाठ मारली, त्यावर पाट, पाटावर पत्रावळ, पत्रावळीवर माती, मातीत नऊ धान्यं आणि मधोमध पाण्यानं भरलेला घट.

"पोथी देवीपाशी ठेवलीय हं," त्यांनी सांगितलं.

"बरं केलंस," किशनराव म्हणाले. देवीपाशी म्हणजे शेजारी, असं ते समजले. समजले म्हणजे काय, त्यांनी विचारलंच नाही.

घट बसला की नऊ दिवस हलवायचा नसतो. रोज सकाळी विमलाबाई मातीवर पाणी शिंपडत. धान्य तरारून आलं, वीतभर उंच, पिवळंधमक. पाणी पाटाच्या फटीतून थेंबाथेंबानं खाली उतरत राहिलं.

दसऱ्याला घट उठला. किशनरावांनी हात पुढे केला, विमलाबाईंनी गाठ सोडली आणि त्यांच्या हातावर पोथी ठेवली. त्यांनी बोट टेकवलं. बोट घसरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा घसरलं. मध्ये काही अडकतच नव्हतं. एक पान, दुसरं, दहावं. सगळी पानं न्हाणीतल्या दगडासारखी गुळगुळीत.

"ही कुठली पोथी?"

"आपलीच. कागद थोडे ओले झालेत, वाळतील. शाई मात्र पसरलीय सगळी, माझे हात जांभळे झाले बघा."

ओला कागद आणि वर नऊ दिवस घटाचा भार. ठिपका म्हणजे कागदाचा नुसता फुगवटा. तो निजला तो निजलाच. हे त्यांनी सांगितलं तेव्हा विमलाबाईंच्या हातून फडकं खाली पडलं. आणि किशनराव, ज्यांनी बायकोला कधी 'हट' म्हटलं नव्हतं, ते म्हणाले, "माझ्या गुरूला तू पाण्यात बुडवलंस."

एवढंच. पण तेव्हापासून विमलाबाई त्यांच्याशी पाठमोऱ्या बोलू लागल्या. आंधळ्या माणसाला ते लगेच कळतं. आवाज आधी भिंतीवर जाऊन मग आपल्याकडे येतो. "जेवायला चला" भिंतीवरून यायचं. "पाणी ठेवलंय" भिंतीवरून यायचं. स्वप्नंही बदलली. बुवांच्या ओठांतून दाणे पडत, पण उपरण्यात येईतो त्यांचं पाणी होई.

दौलतमास्तर दसऱ्याला नागपूरला गेले होते. चार दिवसांनी आले, तसे किशनराव रिक्षा करून वर्गावर पोचले.

"आलात का मास्तर? आवाज उंच लागलाय आज."

"लागणारच. नवा धम्म घेऊन आलोय, बुवा. लाखो माणसं होती. मला दिसलं काही नाही, पण एवढी माणसं एका दमात बोलताना ऐकलीत कधी?"

"नाही ऐकली," किशनराव मनापासून म्हणाले. "भाग्यवान आहात." मग म्हणाले, "मास्तर, माझी पोथी गेली."

"चोरीला?"

"पूजेला."

मास्तरांना आधी हसू फुटलं, मग त्यांनी सगळी हकिकत ऐकून घेतली. "नक्कल नाही हो माझ्याकडं. कागद कुठं होता? आणि मी तीस तारखेला निघतोय, औरंगाबाद दिलंय मला." त्यांची बोटं टेबलावर वाजत राहिली. मग एकदम थांबली. "भामाला विचारलंत?"

भामा त्याच पडवीच्या दुसऱ्या टोकाला वेताच्या खुर्च्या विणायची. तिशीची तेलुगू बाई. चौथ्या वर्षी अंगावर देवी निघाल्या, त्यात डोळे गेले.

"तिला मराठीचं ओ की ठो येत नाही, मास्तर."

"तिला येत नाही, तिच्या बोटांना येतं. इथं तेलुगूची पुस्तकं दोन. ती तिची कधीच पाठ झाली. म्हणून या वर्गात जेवढा कागद टोचला गेला तेवढा तिनं वाचून काढलाय. मैसूरच्या दोस्ताला मी हिंदीत लिहिलेलं खाजगी पत्रसुद्धा सोडलं नाही बयेनं!"

"उस में खाजगी क्या था, मास्टर?" पडवीच्या टोकाहून आवाज आला. "पूरा चिट्ठी मिरची के भज्यों पेच था."

किशनराव भिंत धरत धरत तिच्याजवळ जाऊन बसले. "भामा-अम्मा, मेरे कागद पढे थे तुम?"

"हौ, बुवागारू. जेठ तलक. आप घर कू ले गए, फिर कां से पढती?" वेत ओढल्याचा सर्रकन आवाज आला. "खुर्ची बुनते बुनते बोलती मैं. उस में चाल अच्छी है. हात कू साथ देती."

"बोलो."

तिनं वेताचं एक घर घातलं, दुसरं घातलं, आणि सुरू केलं:

*हाक आली दारावरी। विदुराची कांता घरी।*
*हाती केळ्यांची टोपली धरी। भान नुरले॥*

तेलुगू जिभेला शब्दाच्या शेवटचा अ गिळायची सवय नाही. आपण 'हाक' म्हणून तोंड मिटतो. भामाच्या तोंडी क उघडाच राहिला, 'हाकऽ'. 'भान' नव्हे, 'भानऽ'. सगळे एकार लांब, सगळी अक्षरं पुरती. आणि किशनरावांच्या मस्तकातून वीज गेली. दत्तोबाबुवा असंच म्हणायचे! ओवी गाताना अक्षर अर्धं सोडायचं नाही, प्रत्येकाला त्याच्या दारापर्यंत पोचवायचं, ही बुवांची शिकवण. स्वप्नात इतकी वर्षं न आलेला आवाज वेताच्या सर्रसर्र आवाजातून येत होता, एका बाईच्या गळ्यातून, जिला त्यातला एक शब्द कळत नव्हता.

उपरणं तोंडाला लावून ते ऐकत राहिले. एकशे एक ओव्या झाल्या तेव्हा खुर्चीची पाठ विणून झाली होती.

"रो रे क्या, बुवागारू? मैं कुछ गलत बोली?"

"नै अम्मा. एक अक्षर बी नै."

"एक बात पूछती. ये 'केळ, केळ' कौन है? हर जगा आता. मैं रोज हात जोडती उस कू. भगवान का नाम है ना?"

"अरटिपंडु," किशनराव म्हणाले.

भामा अशी हसली की तिच्या मांडीवरची खुर्ची धाडकन पडली. "अय्यो रामा! मैं दो बरस से केले कू दंडम डाल रई!"

मग त्यांनी तिला गोष्ट सांगितली, मोडक्यातोडक्या दख्खनीत आणि तेलुगूत. गर जमिनीवर, सालं देवाच्या हातावर. भामाचं हसू ओसरलं. तिनं पुन्हा हातात वेत घेतला, पण विणलं नाही.

"देव कू मालूम था? छिलका है बोलके?"

"मालूम था."

"फिर बोल्या कैकू नै? और वो औरत कू बाद में मालूम हुआ होंगा ना? तब देव क्या बोल्या?"

तेच तर शेवटच्या सात ओव्यांत होतं. बाई भानावर येते, देवाच्या हातावर सालं आहेत आणि जमिनीवर गर पडलाय हे पाहते, धाय मोकलून रडते. इथवरच्या दोन ओव्या किशनरावांना कशाबशा येत होत्या. पुढच्या पाचांत देव बोलतो. त्या पाच भामानं वाचल्याच नव्हत्या; ज्येष्ठानंतरच्या त्या. वसमतचे केशवराव उरले नव्हते.

"वो नै मेरे पास," ते म्हणाले. "किसी के पास बी नै."

तीस तारखेला काचीगुड्याच्या स्टेशनवर किशनरावांनी दौलतमास्तरांना गाठलं आणि वाकून त्यांचे पाय चाचपले. मास्तरांनी झटकन दोन्ही हात धरले. "हे नको, बुवा. आता तर बिलकूल नको. हात द्या." दोघं थोडा वेळ नुसते हातात हात घेऊन उभे राहिले. मास्तरांनी आपली पाटी आणि टोच्या त्यांच्या काखेत खुपसला. "औरंगाबादेत नवी मिळेल. आणि ऐका, त्या पौर्णिमेला भामाला मागं बसवा. दारात नव्हे. मागं, झीलकऱ्यांत."

त्रिपुरी पौर्णिमेला देवळाच्या पायऱ्यांपासून कळसापर्यंत पणत्या लागल्या होत्या. किशनरावांना त्यांची ऊब गालांवर कळत होती. सभा खच्चून भरलेली. त्यांच्यामागे टाळकऱ्यांत भामा बसली, तशी कुजबुज झाली. "ही कोण बाई आणलीय बुवांनी?" हणमंतराव खाकरले. "बुवांची पोथी आहे ती. गप बसा."

पूर्वरंग झाला, हार झाला, बुक्का लागला. उत्तररंगाला किशनरावांनी चिपळ्या उचलल्या आणि विदुराच्या झोपडीचं दार उघडलं. ओव्या येत होत्या, जात होत्या. जिथं जिभेखालची जमीन सरके, तिथं मागून हलकेच दोन शब्द येत आणि ते त्यांवर पाय ठेवून पुढं जात. चाळिसाव्या ओवीपासून भामानं कुजबुजणं सोडून दिलं आणि उघड्या गळ्यानं झील धरली:

*गर पडे भुईवरी। साल ठेवी देवाकरीं।*
*सावळा तो हासे परी। बोलेचि ना॥*

'गरऽ पडे.' पुढं बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी दत्तोबाबुवांना ऐकलं होतं. त्यांनी एकमेकांचे हात दाबले आणि "वाहवा" सुद्धा म्हणायचं विसरले.

आणि एकशे तिसरी ओवी संपली. बाई रडत होती. किशनराव थांबले. मागं टाळ चालू होते, भामाही गप्प. वाटलं, इथंच आरती म्हणावी, कुणाला काय कळणार? पण बायकांच्या बाजूनं एक हुंदका आला, पदरात दाबलेला, आणि तो त्यांनी ओळखला.

"मंडळी," ते म्हणाले, "यापुढं बुवांच्या पाच ओव्या आहेत. त्या हरवल्या. माझ्या घरात हरवल्या. पोथी देवीपाशी नेमकी कुठं ठेवली ते मी विचारलं नाही. 'बरं केलंस' म्हणालो आणि मोकळा झालो. मग नऊ दिवसांनी ज्या माउलीनं ती देवीच्या पायाखाली ठेवली, तिच्यावर तोंड टाकलं. आता विदुराघरी देव काय बोलला ते मी ओवीत सांगू शकत नाही. माझ्या तोंडानं सांगतो." त्यांचा आवाज खाली आला, घरात बोलतो तसा. "देव म्हणाला, अगं, रडतेस काय? तू हातावर ठेवलंस, मी खाल्लं. केळ होतं की साल होतं ते तू आता बघतेयस. मी तेव्हा तुझ्याकडं बघत होतो. उठ, पाणी दे प्यायला."

टाळ थांबले होते. कुणीतरी घंटेचा दोर ओढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर नवे कागद आले, मास्तरांची पाटी आली, भामा आली. भामा म्हणायची, किशनराव टोचायचे. दमले की उलट. कागद अजूनही निजामाचेच. एकशे तीन ओव्या व्हायला संक्रांत आली. शेवटच्या पानावर किशनरावांनी पाच ओव्यांची जागा कोरी सोडली.

"तिथं काय येणार?" विमलाबाईंनी विचारलं. आवाज सरळ त्यांच्या तोंडावर आला, भिंतीवरून नाही. पौर्णिमेपासून तो तसाच येत होता.

"काही नाही."

"एवढा चांगला कागद मोकळा सोडणार? बरं दिसतं का ते?" बांगड्या किणकिणत जवळ आल्या. "मी टोचू एक?"

किशनरावांनी पट्टी नीट बसवली, तिच्या हातात टोच्या दिला आणि हात धरून खाचेवर नेला. "उजव्या रांगेतलं सगळ्यांत वरचं घर. कागद उलटला की ते डावं होतं. दाब, पण जपून."

विमलाबाईंनी आयुष्यातलं पहिलं अक्षर असं दाबलं, की टोच्या कागद फोडून पाटीत रुतला.

"फाटला का हो?"

"फाटला."

"मग दुसरं पान घ्या. मी आपली उगाच..."

"राहू दे."

त्यांनी कागद उलटून भामाकडे सरकवला. तिचं बोट कोऱ्या जागेवरून चालत आलं आणि त्या कडा फुटलेल्या ठिपक्यापाशी थबकलं.

"अ," ती म्हणाली. "तेलुगूवाला क्या मराठीवाला?"

"मेरे कू क्या मालूम?" विमलाबाई लाजून म्हणाल्या. त्यांनी एवढं दख्खनी पहिल्यांदाच बोलून पाहिलं होतं. "तू चहा घेणार का सांग आधी."